गार फरशी

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असं जुनी माणसं सांगून गेली. सांगायला त्यांचं काय जातं! ज्यानं ही म्हण जुळवली त्यानं रात्रभर पाण्याचा टँकर हाकून वैशाखाच्या भर दुपारी पत्र्याखाली डोळा लावून बघितलेला नव्हता, एवढं पंचशीला पैजेवर सांगायला तयार होती.

तिचा नवरा साहेबराव लातुरात एका ठेकेदाराच्या टँकरवर ड्रायव्हर होता. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला होता. लोक म्हणायचे, उस्मानाबादेतून वेगळं निघालो तेव्हा वाटणीत कचेऱ्या आपल्याला मिळाल्या, पाऊस मात्र कुणाच्याच वाट्याला आला नाही. ज्या विहिरींवर टँकर भरायचे तिथं लाईट रात्रीच यायची. म्हणून रात्रभर भरणं आणि तांबडं फुटायला गावात पोचणं, असा साहेबरावचा धंदा. सकाळी उन्हं वर आली की तो घरी यायचा, भाकरी खायचा आणि आडवा व्हायचा. झोप काही यायची नाही. गंजगोलाईच्या बाजारपेठेमागं त्यांची पत्र्याची खोली होती. डाव्या अंगाला पिठाची गिरणी, उजव्या अंगाला लोहाराचं दुकान आणि डोक्यावर तापलेला पत्रा. तिथं धोंडासुद्धा जागा राहिला असता.

मग ते घडलं. अहमदपूरकडच्या एका गावात बायकांनी आदल्या सांजेपासून रस्त्याच्या कडेला घागरींची रांग लावून ठेवली होती. नंबर जाऊ नये म्हणून लेकरं घागरींपाशीच झोपलेली. पहाटे साहेबरावचा डोळा लागला आणि टँकर रस्ता सोडून त्या रांगेवर गेला. घागरी चेपत गेल्या त्या आवाजानं तो जागा झाला आणि त्यानं ब्रेक दाबला. उतरून बघतो तर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक पोरगी ओढणी तोंडावर घेऊन गाढ झोपली होती. तिला काही कळलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर तो उंबऱ्यातच बसला. "माझ्या हातून एखादं लेकरू जाईल, पंचशीला. डोळं उघडं असत्यात, पर मी आत नसतो."

"मग सोडून द्या ही गाडी."

"मी सोडली तर दुसरा बसंल. त्याला कुठं झोप हाय? समदे ड्रायव्हर असंच करून राहिलेत." असं म्हणून तो हातांकडं बघत राहिला. हात थरथरत होते.

पंचशीलाला त्या पोरीची ओढणी डोळ्यांपुढून हलेना. तिनं मनाशी ठरवलं, या माणसाला झोप आणून द्यायची. कशीही.

तिला त्यातलं कळतही होतं. ती नांदेडची, गोदावरीकाठची. बाप रेल्वेत गँगमन, महिना महिना रात्रपाळी. तिची आई धुरपताबाई हिनं नवऱ्याची दिवसाची झोप अशी सांभाळली की वस्तीत तिचं नाव निघायचं. धुरपताबाईचे कायदे ठरलेले होते. खोलीत उजेडाचा टिपूस येता कामा नये. घड्याळ बाहेर. आरसा झाकलेला. भांडी खोलीत ठेवायची नाहीत, कारण उन्हानं तापली की ती टणकन वाजतात. आणि दिवसा झोपलेल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. पायाचा अंगठा दाबून उठवायचं. "रातीची झोप वरवर असती, दिवसाची लई खोल," ती म्हणायची, "नाव घेतलं तर मानूस अर्ध्यातून दचकून येतो."

आधी खोली बदलायला हवी होती. लातुरात घर बघायला गेलं की मालक आडनाव विचारायचा, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. जिल्हा नवा झाला होता, माणसं जुनीच होती. दहा दारं फिरल्यावर गावाबाहेरच्या नव्या प्लॉटांत तिला कमलम्मा भेटली. थोराड विधवा बाई. पूर्वी तिथं तिचं शेत होतं. जिल्हा झाल्यावर प्लॉट पाडून विकले आणि उरल्या जागेत भाड्यासाठी खोल्या बांधल्या. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. कमलम्मानं आडनाव विचारलंच नाही. तिनं एवढंच विचारलं, "मागच्या खोलीत झोपणार कोण हाय?"

"आमचे मालक. दिवसा झोपत्यात, रातीला ड्युटी."

"दिवसा व्हय," कमलम्मा जरा थांबून म्हणाली. "मग ऱ्हावा."

पंचशीलाला इतका आनंद झाला की त्या थांबण्याकडं तिचं लक्ष गेलं नाही.

सामान लावायच्या आधी तिनं मागची खोली हाती घेतली. खिडकीला आतून घोंगडी ठोकली, वरून वाकळ लावली. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. घड्याळ पुढच्या खोलीत नेलं, आरशाला धडपं गुंडाळलं. भांडी घासलेलं पाणी गाळून त्यात पोतं भिजवलं आणि दारात टांगलं, कारण चांगलं पाणी पोत्यावर घालायची कुणाची छाती होती! उशीत शेवरीचा नवा कापूस भरला. शेजारच्या कोंबड्याचं काय करायचं तेवढं राहिलं होतं, पण दुष्काळ वाढला तसा तो आपोआप रस्स्यात गेला.

शेवटी बाज कुठं टाकायची हे ठरवायचं होतं. तिनं चपला काढल्या आणि अनवाणी पायानं सगळी खोली चाचपली. फरशी सगळीकडं कोमट होती. पलीकडच्या कोपऱ्यात मात्र तिचा पाय एकदम थांबला. तिथं गार होतं. ओल नव्हती, नुसतं गार. ती खाली बसली, तळवा टेकवला. बाहेर चिमण्या उन्हानं मरून पडत होत्या आणि इथं भर दुपारी हाताला थंडी वाजत होती. दुसऱ्या कुठल्या सालात कुणी विचार केला असता की हा गारवा येतो कुठून. दुष्काळात असलं कुणी विचारत नाही. गारवा दिसला की माणूस तिथं अंथरूण टाकतो. पंचशीलानं बाज ओढत नेली आणि बरोबर त्या कोपऱ्यात टाकली.

साहेबराव आला, आडवा झाला, आणि तिनं पोतं सारखं करून वळून बघेपर्यंत घोरायला लागला. दिवेलागणीपर्यंत त्यानं कूस बदलली नाही. पंचशीला पुढच्या खोलीत दाराला पाठ लावून बसली होती. तिला रडूही येत होतं आणि हसूही. ती पोरगी वाचली, असंच तिला वाटत राहिलं.

पहिले काही दिवस सुखाचे गेले. साहेबरावच्या डोळ्यांतली लाली गेली, हात थरथरायचे थांबले. टँकर वेळेवर पोचायला लागला. एकच गोष्ट पंचशीलाला खटकली. दिवसभर झोपून उठलेला माणूस, तोही भर उन्हाळ्यात, पाणी मागत नव्हता. तिनं तांब्या पुढं केला की म्हणायचा, "नको, आत्ताच पिलो."

"कुठं पिलात? झोपेत?"

तो हसायचा आणि शर्ट घालायचा. त्याचं अंग माठासारखं गार लागायचं.

मग तो झोपेत बोलायला लागला. पोत्याआडून तिनं ऐकलं. "गोड हाय," तो म्हणत होता. "लई गोड हाय." कुणाच्या तरी लग्नातलं जेवण आठवत असेल, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आणि एका सांजेला तो उठून गेल्यावर तिनं अंथरूण झाडलं तर पायथ्याशी वाकळीला काळा गाळ लागला होता. बोटाला लावून बघितला. ओला होता. सबंध जिल्ह्यात मूठभर ओला गाळ मिळायची मारामार, आणि हा तिच्या घरात, तिनं स्वतः झाडलेल्या खोलीत. तरी तिनं वाकळ धुवून पुन्हा अंथरली. झोप लागते आहे ना, मग उगीच खपली कशाला काढायची?

झोप मात्र लांबत चालली. अंगठा दाबून तो उठेनासा झाला. गुडघा हलवावा लागे, मग खांदा, मग पाठीत धपाटे. बाहेर टँकरचा हॉर्न वाजायचा आणि आत ती नवऱ्याला गदागदा हलवत असायची. एकदा त्यानं डोळे उघडले आणि कितीतरी वेळ तिच्याकडं खालून वर बघावं तसं बघत राहिला.

"कुठं असता हो तुमी?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"खाली पाणी हाय," तो शांतपणे म्हणाला. "मी वंजळीनं पितो. वर बघितलं की एवढंसं आभाळ दिसतं. काठावर मानसं हायत. ती बोलून राहिलीत, पर दोर काय सोडत न्हाईत."

"मग?"

"मग काय, वाट बघतो. बरं वाटतं."

तिला घाबरवलं ते या शेवटच्या दोन शब्दांनी. स्वप्नात माणूस ओरडला, पळाला, तर बायको त्याला जवळ घेते. ज्याला तिथं बरं वाटतं त्याला परत कसं आणायचं?

तिनं त्याच दिवशी बाज उचलून दाराजवळ आणली. साहेबराव सकाळी आला, तिथं पडला आणि टक्क जागा राहिला. दुसऱ्या पहाटे टँकर पुन्हा घागरींच्या रांगेजवळून कसाबसा वळला. त्यानं ते घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याचे हात पहिल्यासारखेच थरथरत होते. ती चुलीकडं भाकरी आणायला गेली. परत येऊन बघते तर बाज रिकामी होती, आणि तो कोपऱ्यातल्या उघड्या फरशीवर गाल टेकून झोपला होता.

आता तिनं करावं तरी काय? त्या जागेवर झोपू द्यावं तर नवरा जातो, झोपू देऊ नये तर कुणाचं तरी लेकरू जातं. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात, तशी तिची गत झाली.

उन्हं कलायला लागली. तिनं अंगठा दाबला, खांदा हलवला, गालावर चापट मारली. श्वास चालू होता, पण संथ, दूर दूर. शेवटी आईचा कायदा मोडून तिनं लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारली.

"साहेबराव!"

"ओ," असं उत्तर आलं.

आवाज त्याचाच होता. पण त्याचे ओठ हलले नव्हते. उत्तर फरशीच्या खालून आलं होतं.

पंचशीला कशी उठली आणि अंगण ओलांडून कमलम्माच्या ओसरीवर कशी गेली हे तिला कधीच आठवलं नाही. कमलम्मा सूप घेऊन ज्वारी पाखडत होती.

"अम्मा, त्या खोलीच्या खाली काय हाय?"

सूप थांबलं. कमलम्मानं तिच्याकडं बघितलं आणि खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "आड हुता," ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात आटला. गाळ काढाया तुमच्यातलाच गडी उतरला. ग्यानोबा नाव. समद्या शिवारात आडात उतरावं तर त्यानंच."

आडात उतरायला आमचा माणूस चालतो, पंचशीलाच्या मनात आलं, वरून पाणी शेंदायला चालत नाही. पण तिला पुढचं हवं होतं.

"त्याला झरा लागला. खालनं वरडला, 'अम्मा, पाणी लागलं! गोड हाय, लई गोड हाय!'" कमलम्मानं सूप खाली ठेवलं. "अय्यो, गोड हाय म्हणला म्हंजी पिला की गं. आमच्या आधी पिला. मग वर वाद लागला. कोण म्हणालं आड बाटला, कोण म्हणालं दुष्काळात कसला आलाय बाट. कोण म्हणालं, मोठ्या मानसास्नी इचारून येऊ. तेनं आता दोराला हात लावू नये म्हणून दोर वर वडून घेतला. त्याची बायकू नागुबाई बांधावर उभी राहून हात जोडत हुती. आमी बोलतच बसलो. तेवढ्यात एका अंगानं आड खचला."

"दोर कुणाच्या हातात होता?"

"माझ्या," कमलम्मा म्हणाली.

"मग?"

"आतनं आवाज यायचा. मग थांबला. थांबला असं आमचे मालक म्हणाले. मग माती लोटली." तिनं पदर तोंडाला लावला. "त्या खोलीत रातीला कोण टिकत न्हाई. तुझा मानूस दिवसा झोपनार म्हणलीस, म्हणून..."

पंचशीलाला तिचं तोंड फोडावंसं वाटलं. पण आत साहेबराव निजला होता. ती तशीच मागं धावली. धावताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. त्या माणसाला कुणी वर बोलावलंच नाही. सगळे बोलत बसले, आणि 'ये' कुणीच म्हणालं नाही. त्याला वर यायला मिळालं की साहेबरावची सुटका होईल.

ती कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली, फरशीला तोंड लावलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर करून ओरडली, "ग्यानोबामामा! पाणी गोड हाय, ऐकू आलं आमाला! वर या! ग्यानोबामामा, वर या!"

फरशीवर झोपलेल्या माणसानं मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले. तो उठून बसला. दोन्ही हातांनी तोंडावरून काही पुसल्यासारखं केलं. पंचशीला हुंदका देऊन त्याच्याकडं झेपावली, तर तो अंग चोरून मागं सरकला.

"बाई, शिवू नगा. चिखलाचा हाय मी," तो म्हणाला. "तुमी कुणाच्या? दोर कुणी सोडला?"

तोंड साहेबरावचं होतं. कपाळावरचा वण त्याचा, कानामागची गाठ त्याची. बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक.

"गाडी आली," पंचशीला म्हणाली. तिला अजून आशा होती. "ड्युटीवर जायचंय ना तुमाला?"

"मला गाडी येत न्हाई बाई. मी गाळ काढनारा मानूस." तो दाराकडं बघायला लागला. "नागुबाई बांधावर उभी हाय का अजून? तिला सांगा, पाणी लागलं म्हणून."

तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं. एकाला बोलावलं, आणि एकच वर आला. ती फरशीवर आडवी पडून "अहो, अहो" करत डोकं आपटायला लागली. चांगलं करायला गेले आणि माझाच माणूस खाली राहिला, असं ती त्या परक्या माणसाला सांगत होती. नवऱ्याच्याच तोंडाला नवऱ्याचं दुःख सांगत होती.

त्यानं सगळं ऐकलं. मग फरशीला कान लावला. "हाय," तो म्हणाला. "खाली मानूस हाय. दम हाय त्याच्यात." असं म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं, दारामागची पहार उचलली आणि फरशीच्या सांध्यात घातली. शहाबादी भाकरीसारखी उचलली गेली. खाली माती नव्हतीच. भराव कधीचाच खचून खोल गेला होता, आणि बाज इतके दिवस बोटभर दगडावर उभी होती. काळ्या तोंडातून गार हवा वर आली, ओल्या गाळाच्या वासाची.

"दोर आना."

दारात कमलम्मा उभी होती. तिनं साहेबरावच्या तोंडून ग्यानोबाचा आवाज ऐकला होता. तरी ती गेली आणि गोठ्यातला दोर घेऊन आली. दोराचं टोक स्वतःच्या मुठीत धरून ती वाकली. ग्यानोबानं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं ओळखीनं बघितलं.

"अम्मा, तुमी तितंच ऱ्हावा," तो म्हणाला. "दोर ह्या बाईला द्या."

कमलम्मानं मूठ सोडली. पंचशीलानं टोक घेऊन कंबरेभोवती दोन वेढे दिले आणि पाय भिंतीला रोवले. तो दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधत होता. गाठ त्यानं अशी मारली की साहेबरावला जन्मात तशी जमली नसती.

"एवढी रीत ध्यानात ठेवा, बाई," तो आडाच्या काठावर बसून म्हणाला. "आवाज आला की वडायचं. इचार करत बसायचं न्हाई."

तो उतरला. दोर तिच्या तळव्यांतून सरकत गेला, सरकत गेला, आणि मग सैल पडला. बाहेर हॉर्न वाजायचा थांबला होता. दारात माणसं जमली होती आणि आपापसात कुजबुजायला लागली होती, कोण उतरलंय, कशाला उतरलंय, पोलिसाला बोलवावं का. कमलम्मा भिंतीला टेकून खाली बसली होती.

खालून हाक आली. कुणाची ते ऐकत पंचशीला बसली नाही. तिनं ओढायला सुरुवात केली.